उभं केलेलं वल्हं

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे शिरूरात कुणीही सांगेल. एसटी स्टँडच्या मागं माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. बाया माप द्यायला येतात आणि तासभर बसून जातात. सासूचं, सुनेचं, नवऱ्याचं — सगळं तिथं निघतं. मीही माझं काढते. बाळंतपणात काय झालं, पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी काय ऐकवलं, नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही कसे दिवस काढले — सगळं सांगून झालंय, काही तर दोनदा. पण एक गोष्ट या तोंडातून कधी बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही. लेकीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा मी तेवढी सोडून बाकीचं बोलते — जसं काही त्याला कळणारच नाही.

आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? कारण तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही. एवढंच कारण आहे.

आधी पाण्याचं सांगू द्या. लगेच मुद्द्यावर ये म्हणाल, तर मला अजून यायचं नाही.

माझं माहेर दौंड तालुक्याच्या टोकाला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. भीमा तिथं नदी राहत नाही. नुसतं पाणी, आणि पलीकडचा काठ म्हणजे एक करडी रेघ. त्या रेघेपासून नगर जिल्हा. रस्त्यानं तिकडं जायचं तर दौंडावरून वळसा, दोन एसट्या, अर्धा दिवस. होडीनं पाऊण तास. आमचे आप्पा, म्हणजे वडील, ती होडी चालवायचे. पत्र्याची होडी, मागं डिझेलचं इंजिन. दिवसाला तीन फेऱ्या — सकाळची, दुपारची, संध्याकाळची. आमच्या गावातून निघायचं, अलीकडच्या काठाची दोन गावं घ्यायची, मग पाणी ओलांडून पलीकडची दोन, आणि परत. प्रत्येक गावाला होडी लागायची एक जागा. आम्ही तिला स्टँडच म्हणायचो, जसा काही तिथं कंट्रोलर बसलाय. स्टँड म्हणजे चिखल, टेकायला एक दगड आणि रोवलेला एक बांबू.

काय नसायचं त्या होडीत? दुधाचे कॅन, शाळेचे गुरुजी, कोंबड्या, नवी नवरी, तिच्या मांडीवर तिचा आरसा. थंडीत उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरायचे — हजारानं. होडी जवळ गेली की सगळी गुलाबी रांग उठायची आणि पुढं जाऊन पुन्हा बसायची, आणि गुरुजी रोज नव्यानं म्हणायचे, "बघा, बघा." मी तेव्हा वैतागायची. काय बघायचं त्यात? मला डांबरी रस्ता हवा होता. नळ हवा होता. सिनेमाचं थेटर असलेलं गाव हवं होतं. आता सगळं आहे. आणि आता काय करते मी? बाजाराच्या दिवशी घोडनदीच्या पुलावर पिशवी खाली ठेवून उगीच उभी राहते. पण त्या नदीचा पलीकडचा काठ लगेच दिसतो. तिथं माझं मन भरत नाही. मला डिझेलचा आणि मासळीचा तो वास पाहिजे असतो, इंजिन बंद केल्यावर पत्र्याला लागणारं पाण्याचं चुबुक-चुबुक पाहिजे असतं. झोपेतून उठताना कधीकधी ते ऐकू येतं. मग कळतं — वरची टाकी भरतेय.

आता रीत सांगते. ती कळल्याशिवाय माझं पाप कळायचं नाही.

ज्याला होडी पाहिजे त्यानं बांबूला फडकं बांधायचं. टॉवेल, उपरणं, काही चालायचं. होडीतून ते दिसलं की होडीवाल्यानं वल्हं उभं करायचं — सरळ, आभाळाकडं. म्हणजे, बघितलं तुला, येतोय, हलू नको. एकदा वल्हं उभं केलं की जायचंच. एकच माणूस असू दे, वारा असू दे, इंजिनाला डिझेल कमी असू दे. आप्पा म्हणायचे, "वल्हं उभं केलं म्हंजी शब्द दिला. शब्द काय पाण्यात टाकायचा असतो का?" एकदा पलीकडच्या गावात कुणी नुसती गंमत म्हणून फडकं बांधलं होतं. आप्पा गेले, कुणी नाही बघून परत आले, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फुकट पोचवून वर चहा पाजला. तो माणूस पुन्हा कधी वर मान करून बोलला नाही.

होडीच्या पुढच्या टोकाला मी बसायची. धरणात बुडालेल्या बाभळींचे बुंधे पाण्याखाली असायचे, एखादा लागला तर पत्रा फाटायचा, म्हणून पुढं कुणीतरी लागायचंच. माझ्या आधी तिथं ताई बसायची. रंजना तिचं नाव, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहाची होते. त्यामुळं वेणी ताईनं घातली, उवा ताईनं काढल्या, पहिल्यांदा कपड्याला डाग पडला तेव्हा मला मागच्या दारी नेऊन सगळं समजावलं तेही ताईनंच. रागवायची पण भारी. एकदा मी होडीतून मुद्दाम तिची चप्पल पाण्यात टाकली, तर तिनं दुसरी स्वतःच टाकली आणि म्हणाली, "आता जोड पुरा झाला बघ." असली बाई.

तिला पलीकडच्याच गावात दिलं. आप्पांनी मुद्दाम पाण्यावरचं स्थळ बघितलं होतं. पाठवणीला त्यांनी तिच्या हळदीच्या पिवळ्या साडीची एक पट्टी फाडून तिच्या हातात दिली. मी तिथंच उभी होते. म्हणाले, "जवा वाटंल तवा बांबूला बांध. कुणाला इचारू नको. मी येतो." एवढं बोलून ते इंजिनाशी खुडबुड करत बसले.

दाजींचा हात चालायचा. हे आम्हाला वर्षातच कळलं. दोनदा ताईनं पिवळी पट्टी बांधली, दोनदा आप्पा घेऊन आले, आणि दोन्ही वेळा आठ-पंधरा दिवसांनी सासरची माणसं आली, चार शब्द इकडचे चार तिकडचे झाले, ताई परत गेली. दुसऱ्या खेपेला जाताना ती मला म्हणाली होती, "आता आले तर पेटी घेऊन यीन. मग न्हाई जायची." हे फक्त मला. आप्पांना नाही.

या काळात आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. जवळचं दिसायचं, लांबचं म्हणजे नुसती चमक. मग इंजिन त्यांचं आणि डोळे माझे. "मंगल, हाय का कुणी?" — दिवसातून वीस वेळा विचारायचे.

आणि मी एकोणीसची झाले. यवतच्या आत्यानं माझ्यासाठी शिरूरचं स्थळ आणलं. मुलगा एमआयडीसीत पर्मनंट. मी त्याला आत्याच्या घरी एकदा बघितलं होतं. निळा शर्ट, हसताना मान खाली घालायचा. मला तो आवडला होता. फार आवडला होता — लपवण्यात काय अर्थ आहे आता? आत्या भांडी घासता घासता म्हणाली, "तुझ्या थोरलीचं त्यांच्या कानावर गेलंय. नांदती हाय म्हणून सांगितलंय मी. ऐन वेळंला ती माघारी आली ना, तर तुला कोण करतंय?" वाईट हेतूनं नाही म्हणाली. ती तिचं काम करत होती. ते बोलणं मीच गाठीला बांधून घेतलं.

शुक्रवारी सुपारी फोडायला शिरूरची माणसं येणार होती. त्याच्या आधीचा बुधवार.

दुपारची फेरी. पलीकडच्या पहिल्या गावाला शेवटची माणसं उतरली आणि होडीत आम्ही दोघंच राहिलो. आता फक्त ताईचं गाव राहिलं होतं. दुपारी फडकं नसेल तर त्या स्टँडला न जाता सरळ घरी वळायचं, अशी पद्धत होती. संध्याकाळच्या फेरीला मात्र फडकं असो नसो, होडी प्रत्येक स्टँडला लागायचीच.

मी बघितलं. बांबूला पिवळं होतं.

शेजारी कुणीतरी उभं होतं आणि पायाशी काहीतरी उन्हानं चमकत होतं. माहेरपणाला यायची तेव्हा ताई कापडी पिशवी घेऊन यायची. ही पेटी होती, लग्नात दिलेली, पत्र्याची.

आता बघा कसं असतं — हात मनाच्या आधी हलले. इतक्या वर्षांची सवय. मी वल्हं उचललं आणि उभं केलं. तिकडून तिनं हात हलवला. लांबून चेहरा काही दिसत नाही, पण हात हलवण्यावरून माणूस कळतं. ती खांद्यापासून हलवायची, सगळा हात. मला हसू आलं. खरंच सांगते, आधी हसू आलं. आणि मग शुक्रवार आठवला. निळा शर्ट आठवला. आत्या आठवली. मी वल्हं खाली घेतलं.

आप्पा मागून म्हणाले, "हाय का गं कुणी?"

"न्हाई आप्पा. कुणी न्हाई."

"मग वल्हं कशाला उभं केलंस?"

"जलपर्णी अडकली व्हती. झटकली."

त्यांनी होडी वळवली. आणखी एकदाही विचारलं नाही. का विचारतील? मी मागं बघितलं का, असं तुम्ही विचाराल. बघितलं. ती अजून हात हलवत होती. तिला वाटलं असेल, बुंधे चुकवायला होडी वळसा घेतेय.

इथंच संपलं असतं तरी एक वेळ — पण संध्याकाळची फेरी होती ना. त्या फेरीला आप्पा तिच्या स्टँडला गेलेच असते. म्हणून मी घरी येऊन अंथरुणावर पडले आणि पोट दाबून रडायला लागले. रडू खरं होतं, पोटदुखी खोटी. आप्पा घाबरले. मला आई नव्हती, म्हणून पोट दुखतंय म्हटलं की ते हातातलं काम टाकायचे. त्यांनी ओवा भाजला, गरम पाणी दिलं, तळपायाला तेल चोळत बसले. एकदा उठून दारापर्यंत गेले. मी अजून जोरात कण्हले. ते परत आले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एक दिस न्हाई गेली होडी तर काय व्हतंय?" माझ्या माहितीत तेवढी एकच फेरी चुकली त्यांची. बाहेर ऊन उतरत होतं आणि मी मोजत होते — आता गुरं परत येतील, आता दिवे लागतील, आता ती गेली असेल.

शनिवारी जाऊन तिला आणू, असं मी मनाशी ठरवलं होतं. दोन दिवसांचाच तर प्रश्न. शनिवारी मी आप्पांच्या आधी होडीत जाऊन बसले. बांबूला काही नव्हतं. त्यानंतर त्या बांबूला पिवळं कधीच लागलं नाही.

माझं लग्न झालं. ताई आली, पण दौंडावरून वळसा घालून, एसटीनं. आप्पा म्हणाले, "होडीनं सोडतो." ती म्हणाली, "नको. मला पाणी बाधतं आता." त्या दिवशी ती आप्पांच्या पाया पडली तीही सगळ्यांच्या रांगेत, पाहुण्यासारखी. आप्पा मला नंतर म्हणाले, "थोरली लांब गेली गं. माझंच कायतरी चुकलं आसंल." मी म्हणाले, "तसं काय न्हाई. संसारात गुंतली." किती सहज म्हणाले.

पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आप्पांना लख्ख दिसायला लागलं. होडीत पुढं बसायला चुलत्याचा मुलगा होता, त्याच्याकडून मला कळायचं — दुपारच्या फेरीला ताईच्या गावासमोर आले की आप्पा इंजिन बंद करतात आणि डोळ्यावर हात धरून बांबूकडं बघत बसतात. फडकं नसतं. मग इंजिन चालू करतात. हे तो मला हसत सांगायचा. म्हातारं येडं झालंय म्हणून. मी फोनवर ऐकून घ्यायची आणि इकडं मशिनवर शिवण सरळ घालायची. माझी शिवण कधी वाकडी गेली नाही, बायांना विचारा.

तिनं तिकडं काय सोसलं? ते मी सांगू शकत नाही, कारण तिनं मला कधी सांगितलं नाही. तिच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आता सरळ होत नाही. एवढं मला दिसतं.

माझ्या लग्नानंतर सात वर्षांनी आप्पा गेले. दहावा पाण्याच्या काठावरच केला. कावळा लगेच शिवला. माणसं म्हणाली, "म्हाताऱ्याची कसली विच्छा राहिली नव्हती." मी पदर तोंडाला लावला.

माणसं जेवायला गेली तेव्हा ताई माझ्याजवळ येऊन बसली. होडी तिथंच उलटी घातलेली होती. तिच्या पत्र्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "मंगल, एक सांगू? तुझी सुपारी व्हायच्या आदी मी पेटी घेऊन आलते काठाला. आप्पांनी वल्हं उभं केलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आन् मग होडी फिरली. मी दिस मावळंस्तवर बसले. म्हणलं, सांजच्या फेरीला येतील."

मी पत्र्यावरचा वाळलेला चिखल नखानं काढत राहिले.

"लई वर्सं राग धरला गं मी. मरणाचा राग. आता माझ्या दोन पोरींकडं बघते तवा कळतंय. बापाला दोन लेकी असल्या की एकीला थांबवायला लागतं कवातरी. काय करतील ते तरी? मी माफ केलं त्यांना. पर हे त्यांना सांगायचं ऱ्हाऊनच गेलं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "पुढं कोण बसलं व्हतं, लांबून दिसलं न्हाई. तू व्हतीस का त्या दिशी होडीत?"

माझ्यासमोर आप्पांच्या पिंडाचा भात होता. कुणी ऐकायला नव्हतं. असा क्षण देव पुन्हा देतो का?

मी म्हणाले, "न्हाई. मी घरी व्हते. पोट दुखत व्हतं."

ताई म्हणाली, "तेच म्हणलं मी. तू असतीस तर होडी वळू दिली नसतीस."

तर हे आहे. होडी वळवली ते एकोणिसाव्या वर्षी, घाबरून, हावरेपणानं — काय म्हणायचं ते म्हणा. पण हे मी शहाणी झाल्यावर केलं. माझ्या मेलेल्या बापाच्या डोक्यावर माझं पाप ठेवलं आणि वर दहाव्याच्या जेवणात ताईच्या हातचा लाडू खाल्ला.

गेल्या हिवाळ्यात लेकीनं हट्ट धरला, रोहित बघायचे. तिकडं आता पर्यटकांच्या होड्या असतात, नारिंगी जॅकेट घालायला देतात. आम्ही गेलो. होडी पाणी ओलांडायला लागली आणि माझी मी पुढच्या टोकाला जाऊन बसले. तेच पाणी, तोच वास. वीस वर्षं मी ज्याच्यासाठी झुरत होते ते सगळं जागच्या जागी होतं. पलीकडच्या काठावर ताई आम्हाला घ्यायला येऊन उभी होती. केस पांढरे झालेत. लांबून तिनं हात हलवला, खांद्यापासून, सगळा हात. वल्हं माझ्या पायाशीच पडलं होतं. मी ते उचललं नाही. नुसता हात वर केला. लेक म्हणाली, "आई, रडतीस काय?" मी म्हणाले, डोळ्यात ऊन जातंय.

ताईनं पिठलं-भाकरी घातली. अर्ध्यातच म्हणाली, "आप्पा असते तर." मी म्हणाले, "हो ना." आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

आप्पांची होडी भंगारात गेली. वल्हं मी मागून घेतलं. दुकानाच्या कोपऱ्यात उभं असतं. बाया विचारतात, हे काय गं मंगल? मी सांगते, माझ्या बापाचं आहे. ताई दर रविवारी फोन करते, औंदा पाणी किती चढलंय ते सांगते, आणि मी कोपऱ्याकडं पाठ करून बोलते. तिला हे अजून माहीत नाही. सांगीन, असंही मी तुम्हाला म्हणत नाही.

त्या बुधवारी वल्हं आप्पांनी उभं केलं नव्हतं. मी केलं होतं. पलीकडं कुणी नाही असं मी त्यांना सांगितलं, आणि पलीकडं ताई उभी होती, हात हलवत.